होर्डेची भट्टी, यांगत्सेचा धूर : चीनचा जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश आणि कार्बनचा हिशेब

जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात होर्डे नावाचा एक भाग आहे. तिथे आज २४ हेक्टरांचं एक तळं आहे. काठावर नवी घरं, फिरायला पायवाट, पाण्यात शिडाच्या होड्या. तळं नैसर्गिक नाही. २०१० च्या ऑक्टोबरात तिथे पाणी सोडायला सुरुवात झाली. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं, म्हणजे १८४१ पासून, त्याच जमिनीवर लोखंड आणि पोलाद तयार होत होतं. तळ्याचं नाव आजही कारखान्याचंच आहे : फिनिक्स.

कारखाना २००१ मध्ये बंद पडला. मालक कंपनीने आपलं पोलाद उत्पादन ऱ्हाइन नदीकाठच्या डुइसबुर्गला एकवटायचं ठरवलं होतं. डुइसबुर्गला मोठी जहाजं थेट येतात, डॉर्टमुंडला येत नाहीत, त्यामुळे हिशेब सरळ होता. उरला प्रश्न यंत्रांचा. ती भंगारात निघणार, असंच कामगारांना वाटत होतं. पण यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या च्यांग्च्याकांग इथल्या शाकांग या खासगी पोलाद कंपनीने ती विकत घेतली. सुमारे हजार चिनी कामगार डॉर्टमुंडला आले. त्यांनी सुटा केलेला प्रत्येक भाग क्रमांक घालून खोक्यांत भरला. सुमारे अडीच लाख टन यंत्रसामग्री नऊ हजार किलोमीटर दूर नेऊन पुन्हा उभी केली. ज्या कामाला तीन वर्षं लागतील असा जर्मन अंदाज होता, ते त्यांनी वर्षभराच्या आत उरकलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा चिनी कामगारांच्या चिकाटीची किंवा युरोपच्या उद्योगांच्या उतरणीची म्हणून सांगितली जाते. मला ती कार्बनच्या हिशेबासाठी महत्त्वाची वाटते. यंत्रं हलत होती, नेमक्या त्याच दिवसांत दोन आंतरराष्ट्रीय करार आकार घेत होते. एक मालासाठी, म्हणजे चीनचा जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश; दुसरा धुरासाठी, म्हणजे क्योटो करार. दोन्ही करार करणारी सरकारं बहुतांशी तीच होती. तरीही एका करारात धूर नव्हता आणि दुसऱ्यात माल नव्हता. त्या फटीतून किती कार्बन निसटला, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

कराराने नेमकं काय बदललं

चीनने १९८६ मध्ये जागतिक व्यापाराच्या सामायिक करारात (गॅट, ज्याची जागा पुढे जागतिक व्यापार संघटनेने घेतली) परत येण्यासाठी अर्ज केला. वाटाघाटी पंधरा वर्षं चालल्या. १० नोव्हेंबर २००१ रोजी दोहाच्या मंत्री परिषदेत प्रवेशाला मंजुरी मिळाली आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला.

व्यापार करार म्हणजे जकात कमी होणं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चीनने स्वतःचं सरासरी आयात शुल्क १५ टक्क्यांच्या आसपास होतं ते काही वर्षांत १० टक्क्यांच्या खाली आणलं, हे खरंच आहे. पण चीनच्या निर्यातीची कथा तिथे नाही. अमेरिकेत चिनी मालावर आधीही सवलतीचंच शुल्क लागत होतं, सरासरी ४ टक्क्यांच्या घरात. मेख अशी होती की ही सवलत दरवर्षी नव्याने द्यावी लागे आणि तिच्यावर अमेरिकी संसदेत दरवर्षी वाद होई. एखाद्या वर्षी ती नाकारली असती, तर सरासरी शुल्क ३० टक्क्यांच्या वर गेलं असतं. अशा टांगत्या तलवारीखाली कोणता उद्योजक चीनमध्ये वीस वर्षं चालणारा कारखाना घालेल? ऑक्टोबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही सवलत कायम करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि प्रवेशानंतर ती लागू झाली. शुल्क होतं तेवढंच राहिलं, धास्ती गेली. पाठोपाठ १ जानेवारी २००५ रोजी जगभरातले कापड आणि तयार कपड्यांचे कोटे संपले.

चीनची निर्यात २००१ मध्ये सुमारे २६६ अब्ज डॉलरची होती. २००७ मध्ये ती १२०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. सहा वर्षांत साडेचार पट.

या सहा वर्षांत चीनचं पोलाद उत्पादन १५ कोटी टनांवरून ४९ कोटी टनांच्या आसपास गेलं. सगळं पोलाद निर्यातीसाठी नव्हतं, बहुतेक नव्हतंच. २००५ पर्यंत चीन पोलादाचा निव्वळ आयातदार होता, २००६ पासून निव्वळ निर्यातदार झाला. पण बंदरं, निर्यातीचे कारखाने, त्यांच्याकडे जाणारे रस्ते, तिथे कामाला आलेल्या माणसांच्या इमारती, वीज केंद्रं आणि शिवाय धुलाई यंत्र, सायकल, खुर्ची, कंटेनर अशा रूपाने परदेशी जाणारं पोलाद, हे सगळं एकात एक गुंतलेलं होतं.

एक टन पोलाद, जवळून

कार्बनच्या चर्चेत पोलादाचं नाव सतत का येतं, हे समजून घ्यायला एका टनाचा प्रवास बघायला हवा.

लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं घट्ट लग्न. ते मोडायला ऑक्सिजनला लोखंडापेक्षा जास्त ओढणारं काहीतरी लागतं. ते म्हणजे कार्बन. दगडी कोळसा हवा न देता भट्टीत भाजला की त्यातला डांबर-वायू निघून जातो आणि टणक, सच्छिद्र कोक उरतो. उंच झोतभट्टीत वरून खनिज, कोक आणि चुनखडीचे थर पडतात, खालून तप्त हवेचा झोत येतो. एक टन कच्च्या लोखंडाला साधारण १.६ टन चांगलं खनिज आणि साडेचारशे किलोच्या आसपास कोक लागतो. त्याचं प्रमाण भट्टीनुसार मागेपुढे होतं. कार्बन खनिजातला ऑक्सिजन घेऊन धुराड्याबाहेर जातो. पुढच्या टप्प्यात लोखंडाचं पोलाद होतं. सगळी बेरीज केली तर एक टन पोलादामागे दोन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

हा कार्बन कारखान्याच्या गलथानपणाचा नाही. धुराड्याला कितीही चांगली गाळणी लावा, धूळ अडेल, गंधक अडेल, हा वायू अडणार नाही. तो रासायनिक क्रियेचाच भाग आहे. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत हाच आकडा याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास येऊ शकतो, अर्थात वीज कशापासून केली त्यावर ते अवलंबून. म्हणजे दोन पत्रे हाताला सारखे लागतात, वजनाला सारखे भरतात, पण एकामागे चौपट धूर असू शकतो.

आणि व्यापाराचा कायदा नेमका इथेच डोळे मिटतो. सारख्या मालाला सारखी वागणूक, हा जागतिक व्यापार संघटनेचा पाया आहे. कस्टमच्या सूचीत रुंद, तप्त अवस्थेत लाटलेल्या पोलादी पत्र्याला ७२०८ हा क्रमांक आहे. भंगारातून केलेला असो की कोकवर केलेला, क्रमांक तोच आणि शुल्कही तेच. माल कसा झाला हे न विचारण्यामागे चांगलं कारण होतं. तसा प्रश्न विचारायची मुभा दिली, तर प्रत्येक श्रीमंत देश प्रत्येक गरीब देशाच्या मालाला काही ना काही खोट काढून दारातूनच परत पाठवेल, ही भीती रास्त होती. पण त्या नियमाची किंमत हवेने मोजली.

मांडवीतून गेलेलं खनिज

या साखळीतला एक दुवा मराठी वाचकाच्या अगदी उंबऱ्याशी आहे. तो म्हणजे गोवा.

गोव्याचं लोहखनिज हलक्या प्रतीचं. बरंचसं ५८ टक्क्यांहून कमी लोखंडाचं आणि भुकटीच्या रूपात. भारतातल्या पोलाद कारखान्यांना ते नको असायचं. १९५० च्या दशकापासून त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान होतं. २००० नंतर चित्र बदललं. चिनी कारखान्यांना मिळेल ते खनिज हवं होतं. ऑस्ट्रेलियाच्या उंची खनिजात गोव्याची भुकटी मिसळून ते काम भागवत. जी माती पूर्वी टाकाऊ म्हणून डोंगरासारखी रचून ठेवली होती, तीही विकली जाऊ लागली.

डिचोली, सांगे, केपे भागातल्या त्या वर्षांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. एकामागे एक ट्रकांची न संपणारी रांग, पोरांना रस्ता ओलांडता येईना, काजूच्या पानांवर आणि घराच्या ओटीवर तांबडी धूळ, शेतात उतरलेला खाणीचा गाळ. ट्रक जेटीवर रिकामे होत, तिथून बार्जेस मांडवी आणि जुवारीतून मुरगावकडे आणि तिथे खनिज मोठ्या जहाजांत चढे. २०१०-११ या वर्षात गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. त्यात कर्नाटकातून आलेलंही होतं. पुढे न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं.

गोव्यातल्या वादात नद्या, शेती, बेकायदा उत्खनन, रोजगार या सगळ्यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. कार्बनचा विषय फारसा निघाला नाही. पण हलक्या खनिजात माती जास्त असते, ती वितळवून मळीच्या रूपाने बाहेर काढायला जास्त चुनखडी लागते, जास्त उष्णता लागते, म्हणजे जास्त कोक लागतो. तेवढंच लोखंड, धूर अधिक. शिवाय समुद्रावरच्या जहाजांचा धूर वेगळा. तो तर कोणत्याच देशाच्या वहीत जमा होत नाही. आंतरराष्ट्रीय जहाज वाहतुकीचं उत्सर्जन देशांच्या बेरजेबाहेर ठेवलेलं आहे, आणि ते जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ३ टक्के आहे.

दोन वह्या

आता दुसऱ्या कराराकडे येतो. क्योटो करार डिसेंबर १९९७ मध्ये झाला आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. श्रीमंत देशांनी आपलं उत्सर्जन ठरावीक प्रमाणात कमी करायचं, असं त्यात बंधन होतं. उत्सर्जन मोजायचं कसं? ज्या देशाच्या भूमीवर धूर निघाला, त्या देशाच्या नावावर. पद्धत सोपी, तपासायला सोयीची. पण वस्तू वापरणारा एकीकडे आणि धुराडं दुसरीकडे असेल, तर वापरणाऱ्याची वही कोरी राहते.

किती कोरी राहिली? चीनच्या बाबतीत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे आकडे बोलके आहेत. निर्यातीचा माल बनवताना झालेलं चीनचं उत्सर्जन १९८७ मध्ये २३ कोटी टन होतं, देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या १२ टक्के. २००२ मध्ये ते ७६ कोटी टन, म्हणजे २१ टक्के झालं. आणि २००५ मध्ये १७० कोटी टन, जवळपास एक तृतीयांश. आधीच्या पंधरा वर्षांत जेवढं वाढलं नव्हतं, त्याहून जास्त पुढच्या तीन वर्षांत वाढलं. ती तीन वर्षं प्रवेशानंतरचीच. याच वेगात २००६ च्या सुमारास चीनने एकूण उत्सर्जनात अमेरिकेला मागे टाकलं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी चीनच्या नावाने बोटं मोडली. ज्या टेबलावर ती वर्तमानपत्रं ठेवून वाचली गेली, ती टेबलं कुठे तयार झाली होती, हा प्रश्न त्या बातम्यांत नव्हता.

जगाचा आकडा २०११ च्या एका अभ्यासात मिळतो. देशोदेशी विकल्या जाणाऱ्या मालामागचं उत्सर्जन १९९० मध्ये ४३० कोटी टन होतं, जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या २० टक्के. २००८ मध्ये ते ७८० कोटी टन आणि २६ टक्के झालं. व्यापारातून विकसनशील देशांकडे सरकलेला निव्वळ भार ४० कोटी टनांवरून १६० कोटी टनांवर गेला. श्रीमंत देशांनी क्योटोखाली जी घट दाखवली, तिच्याहून हा सरकलेला भार मोठा होता. ब्रिटनचं उदाहरण घ्या. देशातलं उत्सर्जन १९९० पासून उतरत होतं, म्हणून शाबासकी मिळत होती. पण ब्रिटिश लोक जे वापरतात त्याच्यामागचं उत्सर्जन मोजलं, तर ते २००७ पर्यंत वाढतच होतं.

इथे एक सावधगिरी हवी. युरोपातले कारखाने उचलून चीनमध्ये गेले, तेवढाच धूर तिकडे गेला, असं चित्र सोपं आहे, पण होर्डेच्या भट्टीला ते लागू पडत नाही. होर्डेचं उत्पादन डुइसबुर्गने उचललं होतं. जर्मनीचं पोलाद उत्पादन काही कोसळलं नाही. म्हणजे होर्डेची यंत्रं भंगारात गेली असती, तर जगात तेवढी क्षमता कमी झाली असती. ती यांगत्सेकाठी पुन्हा उभी राहिली, म्हणून क्षमता वाढली. धूर सरकला नाही, नवा निर्माण झाला.

अर्थशास्त्रज्ञ जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराचा विचार करताना व्यापाराचे पर्यावरणावरचे परिणाम तीन वाटांनी होतात असं मांडलं. उत्पादनाचा आकार वाढतो, उद्योगांची घडण बदलते आणि तंत्र सुधारतं. चीनमध्ये तिसरी वाटही खरी ठरली. नव्या भट्ट्या जुन्यांहून कमी कोळशात चालत होत्या, दर टनामागचं उत्सर्जन उतरत होतं. पण उत्पादन तिप्पट झालं तिथे सुधारलेल्या तंत्राची बचत कुठल्या कुठे वाहून गेली. करारात नवं तंत्र आणा असं कुठे लिहिलेलं नव्हतं आणि आकाराला आवर घाला असंही नव्हतं.

करार नसता तर हा धूर निघालाच नसता, असं मी म्हणत नाही. कोट्यवधी माणसं खेड्यातून शहरात येत होती, त्यांना घरं, वीज, रेल्वे हवी होती. ती वाढ होणारच होती आणि तिचा हक्क चिनी माणसाला होता. कराराने तिचा वेग वाढवला आणि दिशा बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे वळवली.

कोकचा खटला

हे प्रकरण इथे संपलं असतं, तर त्याला हलगर्जीपणा म्हणता आलं असतं. धुराचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, एवढंच. पण पुढे जे घडलं त्याने मला या विषयाचा पिच्छा पुरवायला लावलं.

२००६-०७ पर्यंत चीनच्या सरकारलाच या निर्यातीचा जाच होऊ लागला होता. कोळसा पुरेना, वीज पुरेना, शान्शी प्रांतातल्या कोकभट्ट्यांच्या धुराने आभाळ दिसेना. अति ऊर्जा खाणाऱ्या, अति प्रदूषण करणाऱ्या आणि खनिज संपवणाऱ्या मालाची निर्यात आवरायची, असं सरकारने ठरवलं. जून २००७ मध्ये पोलादाच्या कित्येक प्रकारांवर निर्यात शुल्क लागलं. १ जुलै २००७ पासून अशा ५५३ वस्तूंवर निर्यातदारांना मिळणारा कर परतावा काढून घेतला. कोकवरचं निर्यात शुल्क वाढत वाढत ४० टक्क्यांवर गेलं.

कोकचं युरोपशी जुनं नातं होतं, तेही डॉर्टमुंडमधूनच. तिथे १९९२ मध्ये कायझरश्टूल नावाची अत्याधुनिक कोकभट्टी सुरू झाली होती. प्रदूषणावर नियंत्रणाच्या बाबतीत ती तेव्हा जगात नावाजलेली. अवघ्या आठ वर्षांत, २००० अखेर ती बंद केली. स्वस्त चिनी कोक बाजारात असताना महागडी भट्टी कोण चालवणार? २००३ पासून चिनी कामगारांनी तीही सुटी केली आणि शान्तुंग प्रांतात नेली. २००४ मध्ये कोकचे भाव काही पटींनी चढले. चीनने कोकच्या निर्यातीचे परवाने आवळले, तेव्हा युरोपियन संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करण्याचा इशारा दिला आणि मे महिन्यात चीनकडून ठरावीक कोक पदरात पाडून घेतला. आपली सर्वात स्वच्छ भट्टी विकायची आणि मग दुसऱ्याच्या धुरकट भट्ट्यांतला माल हक्काने मागायचा, असा तो प्रकार होता.

२००९ मध्ये अमेरिका, युरोपियन संघ आणि मेक्सिको खरोखरच तक्रार घेऊन गेले. कोक, बॉक्साइट, मॅग्नेशियम, मँगनीज, जस्त अशा नऊ कच्च्या मालांवर चीन निर्यात शुल्क आणि कोटे लावतो, ते बेकायदा आहेत, असं म्हणणं होतं. चीनने बचावात पर्यावरण आणि आरोग्य यांचं कारण दिलं. गॅट या मूळ व्यापार करारातल्या विसाव्या कलमात तशी मुभा आहे : माणसाचं, प्राण्यांचं, वनस्पतींचं आरोग्य राखण्यासाठी आणि संपणाऱ्या संपत्तीच्या जतनासाठी सदस्य देश निर्बंध घालू शकतो.

निकाल ३० जानेवारी २०१२ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने दिला आणि तो एका तांत्रिक मुद्द्यावर फिरला. चीनने प्रवेशाच्या वेळी ८४ वस्तू सोडून बाकी कशावरही निर्यात शुल्क लावणार नाही, असं लिहून दिलं होतं. त्या परिच्छेदात विसाव्या कलमाचा उल्लेख नव्हता. मंडळ म्हणालं की उल्लेख नाही म्हणजे मुभाही नाही. पर्यावरणाचं कारण खरं असलं तरी या शुल्कापुरतं ते सांगायची सोय चीनला उरली नाही. १ जानेवारी २०१३ पासून कोकवरचं ४० टक्के शुल्क शून्यावर आलं आणि दोन वर्षांत कोकची निर्यात कित्येक पटींनी वाढली.

तुलना करून बघा. भारत जुना सदस्य, त्याच्यावर असं बंधन नाही. डिसेंबर २०११ मध्ये भारताने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ३० टक्के केलं, मे २०२२ मध्ये ५० टक्के केलं, पोलादावरही लावलं आणि काढलं. कोणी न्यायालयात ओढलं नाही. तेच चीनने कोकवर केलं तर करारभंग. फरक धुराचा नाही, प्रवेशाच्या दिवशी कोणती ओळ लिहून घेतली याचा आहे.

तरीही तक्रारदारांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, हे नोंदवायला हवं. निर्यातीवर कर लावला की कोक देशात अडकतो आणि देशातल्या पोलाद कारखान्यांना स्वस्तात मिळतो. मग तोच कोक पोलाद होऊन बाहेर जातो. चीनने देशातल्या वापराला तसा लगाम घातलेला नव्हता, हे पंचांनी दाखवून दिलं. देशात जळणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर सरसकट कर लावला असता, तर व्यापाराच्या कोणत्याही कलमाने त्याला हरकत घेतली नसती. चीनने देशव्यापी कार्बन बाजार, म्हणजे उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री, सुरू केला तो जुलै २०२१ मध्ये, तोही आधी फक्त वीज केंद्रांपुरता. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम त्यात आणायला २०२५ उजाडलं. करार चुकीचा होता म्हणून चीन निर्दोष ठरत नाही. पण धुरावर आवर घालायचा म्हणून उचललेलं पाऊल करारामुळे मागे घ्यावं लागलं, आणि धूर वाढवणाऱ्या एकाही पावलाला त्याच कराराने हात लावला नाही, हे वजन एकाच पारड्यात पडतं.

या झुकत्या पारड्याचं मोजमापही झालं आहे. जोसेफ शपिरो या अर्थशास्त्रज्ञाने २०२१ मध्ये दाखवलं की बहुतेक देशांत धुरकट मालावर आयात शुल्क आणि इतर अडथळे कमी असतात, स्वच्छ मालावर जास्त. कारण साधं आहे. कच्चा माल स्वस्त यावा आणि तयार मालाला संरक्षण मिळावं, असं प्रत्येक देशातल्या कारखानदाराला वाटतं आणि तो सरकारच्या मागे लागतो. कच्चा माल म्हणजेच पोलाद, सिमेंट, रसायनं, म्हणजेच सर्वात जास्त धूर. शुल्काच्या या रचनेतून धुराला मिळणारं छुपं अनुदान वर्षाला ५५० ते ८०० अब्ज डॉलर आहे, असा त्यांचा हिशेब. हे कोणी कट करून केलेलं नाही. शुल्काचे दर ठरवणाऱ्या खोलीत धुराची बाजू मांडायला कोणी नव्हतं, एवढंच.

चाकणच्या खोक्यातला कागद

युरोपियन संघाने आता दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली आहे. आयात होणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि विजेवर सीमेवरच कार्बनचा आकार, म्हणजे शुल्क, लावायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती भरायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. युरोपातल्या कारखान्याला कार्बनसाठी जो भाव पडतो, तोच बाहेरून आलेल्या मालाला पडावा, असा त्यामागचा विचार.

यात नट-बोल्टही आहेत, कस्टमचा क्रमांक ७३१८. चाकण, भोसरी, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत असा माल करणारे छोटे कारखानदार आहेत. त्यांच्या कारखान्यात धुराडं नसतं. तार येते, ती ओढली जाते, तिला डोकं ठोकतात, आटे पाडतात, उष्णता देऊन कणखर करतात आणि खोक्यात भरतात. आजवर खोक्यासोबत वजन, माप, ताकदीचा दाखला जात असे. आता युरोपातलं गिऱ्हाईक विचारतं की तार कोणत्या पोलाद गिरणीची? तिथे लोखंड झोतभट्टीत झालं, कोळशावरच्या स्पंज लोखंडातून झालं की भंगारातून? टनामागे कार्बन किती? बोल्टवाला तो प्रश्न तारवाल्याला विचारतो, तारवाला गिरणीला. बऱ्याचदा उत्तर येत नाही आणि मग युरोपने ठरवलेला चढा ठोक आकडा माथी बसतो. गिरणीचा धूर, भुर्दंड बोल्टवाल्याला.

भारताने या आकाराला सुरुवातीपासून एकतर्फी म्हटलं आहे आणि त्या म्हणण्यात दम आहे. वसूल झालेला पैसा युरोपच्या तिजोरीत जातो. ज्या देशांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून घर भरलं, त्यांनी आता दारात टपरी टाकून टोल घ्यावा, हे पटण्यासारखं नाही. दुसरीकडे, माल बनवणाऱ्या देशात कार्बनसाठी आधीच पैसे भरले असतील, तर ते या आकारातून वजा होतात. भारताने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित केली आहे. ती पोलादाला खऱ्या अर्थाने लागू झाली आणि तिच्यातला भाव नाममात्र राहिला नाही, तर तोच पैसा ब्रसेल्सऐवजी इथे राहील आणि इथल्याच भट्ट्या बदलायला वापरता येईल. माझ्या मते भारताच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी युरोपच्या आकाराला नुसता नकार देण्यापेक्षा हा मुद्दा लावून धरावा. त्याबरोबर वसुलीतला हिस्सा, नव्या भट्टीचं तंत्र आणि लहान कारखानदाराला मोजणीसाठी मदत, हेही करारात लिहून घ्यावं. चीनने २००१ मध्ये जे लिहून दिलं ते त्याला २०१२ मध्ये नडलं. आपण काय लिहून देतो आणि काय लिहून घेतो, ते आपल्याला २०३५ मध्ये भेटेल.

तोवर चाकणचा कारखानदार रात्री तक्ता उघडून बसलेला असतो. वजनाचा रकाना भरलेला, क्रमांकाचा रकाना भरलेला. तिसरा रकाना गिरणीकडून निरोप यायची वाट पाहतो आहे.